सांबऱ्याच्या उन्हात इंजिन तापू न देणं : नवीन फ्लाइंगला येणाऱ्यांसाठी

मी खानापूरकडचा, घरी ट्रॅक्टर आणि बाबांची जुनी बुलेट, त्यामुळे इंजिनचं आपल्याला कळतंय की असं वाटायचं. पहिल्या दिवशी सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, सेसना 172 या छोट्या ट्रेनिंग विमानाचं काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडलं आणि मी रेडिएटर शोधायला लागलो! नसतोच ओ तो. बुलेटसारखंच सगळं, सिलिंडरला फिन्स (बाहेरच्या पातळ पत्र्या) आणि वारा. चोर्ला घाटात डबलसीट पहिल्या गिअरमध्ये बुलेट कशी तापते, तसंच विमानाचं क्लाइंबमध्ये, म्हणजे वर चढताना, होतं, पॉवर फुल आणि वारा कमी.

एप्रिलमधली दुपार होती. सांबऱ्याचा रनवे आधीच समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,500 फुटांवर, त्यात ऊन 35 डिग्री, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजारांच्या घरात, हवा इतकी विरळ की विमानाला आपण तेवढ्या फुटांवर असल्यासारखं वाटतं. विमान नेहमीसारखं चढेना म्हणून मी नाक वर ओढून बसलो, स्पीड 65 नॉट. ऑइल टेम्परेचरची सुई हिरव्यातच होती, पण सरकत होती, आणि मी बघतोय कुठं तर एल्टीमीटरकडं, उंची दाखवणाऱ्या. शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर सर काही बोलले नाहीत, पेनानं गेजवर दोनदा टकटक केलं. नाक खाली घेतलं, स्पीड 80 वर आणला, थोड्या वेळानं सुई थांबली.

तेव्हापासून मी सुई कुठं आहे त्यापेक्षा कुठं चाललीय ते बघतो. ऑइलची सुई तशी आळशी, सिलिंडर आधी तापतात, त्यामुळे सीएचटी (सिलिंडर हेडचं टेम्परेचर दाखवणारा गेज) असेल तर तो आधी बघा. त्याची रेडलाइन, म्हणजे कमाल मर्यादा, 500 फॅरनहाइट असते खरी, पण क्लाइंबमध्ये 400 च्या पुढं जायला लागला की मी नाक खाली करतोच. त्यानं नाही भागलं तर, मिक्स्चर लीन (हवेत पेट्रोल कमी) केलेलं असेल तर रिच (पेट्रोल जास्त) करायचं, जादा पेट्रोलही थंड करतं, आणि मग पॉवर कमी. पण टेम्परेचर वर आणि ऑइल प्रेशर खाली असं दोन्ही एकदम दिसलं तर प्रयोग नको, सरळ लँडिंगचं बघा.

जमिनीवर तर जास्तच जपा. पुढं पॅसेंजर विमान असलं की होल्डिंगला, म्हणजे रनवेच्या आधी थांबायच्या जागी, ताटकळत बसावं लागतं, तेव्हा जमेल तेवढं नाक वाऱ्याकडं, आरपीएम कमी, आणि रन-अप (टेकऑफआधी आरपीएम वाढवून करायची इंजिनची तपासणी) उगाच लांबवू नका.

वॉकअराउंडला, म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासताना, टॉर्च घ्या. पुढच्या भोकांतून आत बघितलं की बॅफलची (वारा सिलिंडरकडं वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी पट्टी दिसते, ती मागं दुमडली असेल तर वारा सिलिंडरच्या फिन्समधून न जाता वरूनच निसटतो. त्या दुपारनंतर मेकॅनिक अण्णांनी मला बोलावून दाखवलं, आमच्या विमानाची पट्टी एका कोपऱ्यात बोटभर दुमडलेली होती! सकाळी मी तिथं बघितलंच नव्हतं, साळुंकीच्या काड्या नाहीत ना एवढंच बघून टिक मारली होती.