केल्पच्या जंगलात उतरायचंय? मग बोटीवर चढायच्या आधी एवढं करून ठेवा

तारकर्ली, नेत्राणी, अंदमान करून झालंय, आता कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा बहिणीकडे किंवा ऑफिसच्या कामाने जाणं होतंय आणि तिकडच्या चॅनल आयलंड्सची डाइव्ह बोट पकडायची इच्छा आहे, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. जागा फार सुंदर आहे, केल्प म्हणजे समुद्राच्या तळातल्या खडकाला धरून उभी वाढणारी प्रचंड शेवाळं, चांगल्या परिस्थितीत दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा छोटा फुगा असतो म्हणून ती सरळ उभी राहतात आणि वर येऊन पाण्यावर पसरतात, त्यातून ऊन खाली झिरपतं आणि मध्येच भडक केशरी गॅरिबाल्डी मासा येऊन तुमच्या मास्कसमोर उभा राहतो. पण आपल्याकडच्या कोमट पाण्यातल्या सवयी घेऊन तिथे थेट उडी मारायची नाही.

सगळ्यात आधी कार्ड. मालवणात इन्स्ट्रक्टर हात धरून खाली नेतो तो ट्राय डाइव्ह, त्याचं छापील सर्टिफिकेट दिलं तरी ते कॅलिफोर्नियातल्या बोटीवर चालत नाही, पाडी, एसएसआय, नावी असल्या कुठल्या तरी डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं ओपन वॉटर म्हणजे पहिल्या पूर्ण कोर्सचं कार्ड लागतंच आणि काही ट्रिपना अॅडव्हान्स्ड मागतात. शेवटचा डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर निघायच्या आधी रिफ्रेशर करा. मेडिकल फॉर्म पण आत्ताच डाउनलोड करून वाचा, दमा, बीपी, हृदय, कानाचं ऑपरेशन अशा कुठल्याही प्रश्नाला हो असेल तर डॉक्टरची सही लागते आणि ती अमेरिकेत जाऊन घेण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून घेतलेली शंभर पट बरी, वेळही वाचतो आणि पैसेही. डाइव्हिंगचा वेगळा विमा काढा, साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स बऱ्याचदा स्कूबा सोडून देतो, अटी नीट वाचा.

तारीख ठरवताना जमलं तर ऑगस्ट ते ऑक्टोबर बघा. वसंतात वारा वरचं पाणी ढकलतो आणि तळाचं थंड पाणी वर येतं, ते मासळीला चांगलं पण डायव्हरला हिरवट आणि गार. याच बेटांपैकी कॅटलिनाला उन्हाळ्यात वरचं पाणी १८ ते २१ डिग्री असतं, पण थोडं खाली गेलं की एकदम गार थर लागतो, आणि उत्तरेकडचं सॅन मिगेल बेट तर आणखी थंड. आपण अरबी समुद्रात साध्या टीशर्टवर उतरलेले असतो, त्यामुळे इथे ७ मिमीचा वेटसूट, हूड, जाड ग्लोव्हज आणि बूट हे सगळं हवंच, त्यात काटकसर नको. थंडी वाजायला लागली की माणूस हवा जास्त खातो, विचार हळू होतो, हात नीट चालत नाहीत. सूट भाड्याने मिळतो, पण ट्रिपच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन घालून बघा, गळ्याशी इतका घट्ट नको की श्वास अडेल, आणि हूड घालून मान वळते का ते पण बघा. मास्कचा पट्टा हूडच्या आत घ्यायचा, म्हणजे कुणाची फिन लागली तरी मास्क निसटत नाही.

जाड सूट तरंगतो म्हणून वजन जास्त लागतं, अंदमानला लागायचं त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. अंदाजाने घ्यायचं नाही. टँक जवळजवळ रिकामी असताना, बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जॅकेटमधली) हवा काढून, साधा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, हे तपासून मगच आकडा वहीत लिहा. अॅल्युमिनियमची टँक शेवटी हलकी होऊन वर ओढते, तिची सोय आधीच करून ठेवावी लागते, नाहीतर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना पाच मीटरवर थोडा वेळ थांबायचं असतं तिथे, थांबताच येत नाही.

आकड्यांवरून आठवलं, इथे टँकमधल्या हवेचा दाब दाखवणारं गेज पीएसआयमध्ये, खोली फुटात, वजन पाउंडात आणि पाण्याचं तापमान फॅरेनहाइटमध्ये सांगतात. आपण बार आणि मीटरमध्ये शिकलेलो. ५०० पीएसआय म्हणजे साधारण ३५ बार, ६० फूट म्हणजे १८ मीटर, ५५ फॅरेनहाइट म्हणजे १३ डिग्री, एवढं तोंडपाठ करा किंवा स्लेटवर लिहून न्या, कारण ब्रीफिंग भराभर होतं. स्वतःचा रेग्युलेटर (टँकमधून श्वास घ्यायचं उपकरण) नेणार असाल आणि तो डिन, म्हणजे टँकमध्ये स्क्रूसारखा बसणारा असेल, तर टँकवर बाहेरून आवळून बसणारा योक अॅडॉप्टर बरोबर घ्या.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर बोटीच्या आधी एक दिवस कॅटलिनाला द्या. लाँग बीचहून फेरीने साधारण तासाभरात अॅव्हलॉन येतं, तिथे कसिनो पॉइंटला डायव्हर्ससाठी राखून ठेवलेली जागा आहे, दोर बांधलेला असल्यामुळे बोटी आत येत नाहीत, पायऱ्या उतरलं की पाणी आणि समोरच केल्प. वजन, हूड, ग्लोव्हजमधून बकल उघडणं, सगळी सवय तिथे करून घ्या. फक्त ईशान्येकडून सांता अॅनाचा वारा सुटणार असेल तर तो दिवस सोडा.

केल्पमध्ये अडकण्याची भीती सगळ्यांना असते, ती सामानाची बांधणी नीट केली की निम्मी कमी होते. लोंबणारं काहीही ठेवायचं नाही, गेज आणि ऑक्टोपस (जास्तीचं श्वासाचं तोंड) छातीशी क्लिप करा, फिनच्या पट्ट्यांची टोकं आतल्या बाजूला वळवा किंवा टेप लावा. कात्री किंवा छोटी सुरी अशा जागी बांधा की दोन्ही हात पोचतील, पायाला बांधली की तीच केल्पला अडकते. आणि अडकलात तर गोल फिरायचं नाही, फिरलं की आणखी गुंडाळतं. थांबा, श्वास घ्या, बडीला म्हणजे जोडीदार डायव्हरला दाखवा, आणि देठ हाताने गवारीची शेंग मोडतो तसं वाकवून मोडा, ओढून तुटत नाही पण वाकवलं की कडकन तुटतं. खरी गोष्ट म्हणजे खाली जंगलात खांबांसारखी भरपूर मोकळी जागा असते, त्रास वर होतो, जिथे ते पाण्यावर पसरलेलं असतं. म्हणून पाण्याखालूनच बोटीकडे परतता येईल इतकी हवा, निदान १००० पीएसआय, शिल्लक असतानाच मागे वळायचं आणि मोकळी फट बघून वर यायचं. उडी मारायच्या आधी केल्प कुठल्या दिशेला झुकलंय तेही बघा, तोच करंट, आणि सुरुवातीचा अर्धा डाइव्ह त्याच्या विरुद्ध दिशेने करायचा. पाण्यावरचं केल्प करंटने खाली दाबलं गेलं असेल तर डाइव्हमास्टरला न विचारता उतरू नका.

आता बोट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे आणि ते वाचाच. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सांता क्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला आग लागली आणि खाली बंकमध्ये झोपलेली ३४ माणसं गेली. त्यात नागपूरशी नातं असलेलं एक तरुण जोडपंही होतं. खालून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या आणि आग तिथेच होती. रात्री फिरती गस्त ठेवलेली नव्हती, तपासात यावरच ठपका ठेवला गेला, आणि पुढे कॅप्टनला शिक्षाही झाली. त्यानंतर अमेरिकन कोस्ट गार्डने स्मोक डिटेक्टर, बाहेर पडायच्या वाटा आणि रात्रीची गस्त यांचे नियम कडक केले. तरी रात्रीच्या मुक्कामाची ट्रिप बुक करताना फोनवर सरळ विचारा, रात्री जागं कोण असतं, बंकमधून दोन वेगळ्या ठिकाणी बाहेर पडता येतं का, बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या. असं विचारायला लाजायचं कारण नाही, चांगल्या बोटीचे लोक लगेच आणि नीट सांगतात, टाळाटाळ झाली तर दुसरी बोट बघा. बोटीवर गेल्यावर बॅग ठेवायच्या आधी दोन्ही वाटांनी स्वतः चढून बघा, इमर्जन्सी हॅच कुठे आहे आणि कसं उघडतं ते हात लावून बघा, टॉर्च आणि चपला उशाशी ठेवा. कॅमेरा, टॉर्च, पाण्याखालची स्कूटर कशाचीही लिथियम बॅटरी झोपताना चार्जिंगला लावू नका, तुमचीही नाही आणि बडीचीही नाही.

प्रत्येक डाइव्हनंतर हजेरी होते. आपलं नाव आलं की आपणच ओ द्यायची, मित्राच्या वतीने कधीच नाही, तो बाथरूममध्ये असला तरी नाही. सरफेस मार्कर बॉय (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगवायचा लांब फुगा) आणि शिट्टी खिशात हवीच, सकाळी धुकं असतं आणि लाटेत डोकं दिसत नाही.

बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि ती गोळी घरी एकदा घेऊन झोप किती येते ते बघून ठेवा, गुंगीत डाइव्ह करायचा नाही. जेवण बोटीवर असतं, शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा. उबदार जॅकेट, लोकरी टोपी आणि थर्मासमध्ये गरम पाणी, दोन डाइव्हच्या मध्ये ह्याची फार गरज लागते. क्रूला टिप द्यायची पद्धत आहे, रोख ठेवा.

पाण्यातलं काही उचलायचं नाही. बेटांभोवती राखीव पट्टे आहेत, गॅरिबाल्डी तर राज्याचा अधिकृत समुद्री मासा आहे आणि पकडायला बंदी आहे. सी लायनची पिल्लं स्वतःहून खेळायला येतात, येऊ द्या, आपण मागे जायचं नाही, मोठा नर भुंकत फिरत असेल तर त्याची जागा सोडा. पहिल्या ट्रिपला कॅमेरा नेऊ नका असंच मी सांगेन, हात आणि लक्ष दोन्ही मोकळं हवं.

आणि परतीचं विमान. लागोपाठ डाइव्ह केले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास उडायचं नाही, मी तर पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा म्हणेन, तिकीट काढतानाच. त्या दिवशी सूट गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, रेग्युलेटरची डस्ट कॅप लावूनच धुवा, आणि भाड्याचं सामान दुकान बंद व्हायच्या आत परत करा.