परदेशी तुरीचा सौदा करताना निर्यातदार देशांचे हंगाम कसे ताडून पाहावेत

वाशीच्या घाऊक बाजारात डाळींचा व्यापार करणाऱ्याने किंवा डाळमिलसाठी कच्चा माल घेणाऱ्याने परदेशी तुरीचा सौदा करण्यापूर्वी आधी आवकेचे वेळापत्रक कागदावर मांडावे. आपली खरिपाची तूर डिसेंबरपासून बाजारात येऊ लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिची आवक भरात असते. म्यानमारचा नवा मालही साधारण याच सुमारास निघतो. मोझांबिक, मलावी आणि टांझानिया या पूर्व आफ्रिकेतील देशांत मात्र काढणी आपल्या पावसाळ्याच्या मध्यावर सुरू होते आणि तो माल मुख्यतः सप्टेंबरनंतर न्हावा शेवा बंदरावर उतरतो.

भावाची खरी ओढाताण या दोन हंगामांमधील अंतरात असते. पावसाळ्यात देशी तुरीचा साठा आटत जातो आणि म्यानमारच्या साठेदाराला चढा भाव मागता येतो. परंतु आफ्रिकेचे पीक चांगले असल्याची खबर पक्की झाली, की तो हात ढिला सोडू लागतो. उलट आफ्रिकी निर्यातदाराला भारतातील नवी तूर येण्यापूर्वी माल मोकळा करायचा असतो, त्यामुळे नोव्हेंबरात त्याच्याशी घासाघीस करण्यास बरीच जागा मिळते. दर्जामुळे म्यानमारच्या लेमन जातीच्या तुरीला आफ्रिकेच्या गजरी जातीपेक्षा सहसा अधिक भाव असतो. म्हणून नुसता भावफरक न पाहता तो नेहमीपेक्षा वाढला आहे की घटला आहे, हे पाहावे.

डॉलरमधील भावावर विसंबू नये, पडतळ म्हणजे माल हाती येईपर्यंतचा एकूण खर्च काढावा. समजा, भाड्यासह मुंबई पोहोच भाव टनाला 800 डॉलर आणि डॉलरचा दर 86 रुपये असेल, तर क्विंटलला 6,880 रुपये होतात. त्यात बंदरावरील खर्च, लागू असल्यास आयात शुल्क, रकमेवरील व्याज आणि चाळणीतील घट धरल्यावरच देशी तुरीशी तुलना करावी. हजर म्हणजे लगेच मिळणाऱ्या मालापेक्षा पुढच्या महिन्याच्या शिपमेंटचा भाव बराच कमी असेल, तर नव्या आवकेचा अंदाज बाजाराने आधीच भावात धरला आहे, असे समजावे. अशा वेळी हंगामाच्या भरवशावर जादा साठा करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मसुरीलाही हीच रीत लागू पडते: कॅनडाची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात, ऑस्ट्रेलियाची नोव्हेंबर-डिसेंबरात. 2021 मध्ये कॅनडात दुष्काळाने पीक घटले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या मालाचे महत्त्व आपोआप वाढले.

पीक निघाले म्हणजे माल आला, असे मात्र धरू नये. 2023 च्या अखेरीस मोझांबिकमध्ये पीक हाती असूनही निर्यातदारांमधील वादामुळे भारतासाठीची तूर तेथील ‘नाकाला’ नावाच्या बंदरात अडकून पडली. सरकारी धोरणही असेच आडवे येऊ शकते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली होती. म्हणून सौद्याच्या कागदात शिपमेंटची अखेरची तारीख, उशीर झाल्यास सौदा रद्द करण्याचा हक्क आणि आयातीचे नियम बदलल्यास नुकसान कोणी सोसायचे, या तिन्ही बाबी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात.