घाट चढण्याआधी: गोव्यातून सह्याद्री ओलांडताना पाऊस आणि रस्ता कसा तपासावा

चतुर्थीच्या आधीची बेळगावची खरेदी, खानापूरकडचं लग्न, कोल्हापूरच्या डॉक्टरची तारीख. गोव्यातल्या माणसाला घाटावर जायचं काम निघतं ते नेमकं भर पावसात. वर जायला चोर्ला, अनमोड, आंबोली आणि तिलारी असे घाट आहेत. उत्तर गोव्याला चोर्ला सगळ्यात सोयीचा, म्हणून इथली उदाहरणं बहुतेक त्याचीच आहेत. पद्धत मात्र बाकीच्या घाटांना आणि सत्तरी-सांग्याच्या रानवाटांनाही तीच.

निघण्याआधी बहुतेक जण मोबाईलवर उद्याचा अंदाज बघतात आणि ढगाचं चित्र जरा फिकट दिसलं की गाडी काढतात. पण डोंगर सैल होतो तो गेल्या चार दिवसांच्या पावसाने. उद्याची सर फक्त शेवटचा धक्का देते. म्हणून सुरुवात मागच्या पावसापासून करायची.

आधी पडून गेलेला पाऊस बघा

गोव्यातली मराठी दैनिकं पावसाळ्यात रोज केंद्रवार पाऊस छापतात, तोही बहुधा इंचांत. हवामान खात्याचे इशारे मिलिमीटरमध्ये असतात. दोन्हींची सांगड घालायला तीनच आकडे लक्षात ठेवा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीच इंच झाले की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. ११५.६ मिलिमीटरपासून, म्हणजे साडेचार इंचांच्या पुढे अति जोरदार. २०४.५ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच ओलांडले की अत्यंत जोरदार.

पणजीचा किंवा म्हापशाचा आकडा घाटासाठी बिनकामाचा. वाळपई आणि साखळी बघा, अनमोडला जायचं असेल तर सांगेही. अरबी समुद्रावरून येणारं ओलं वारं डोंगराला आपटून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रिकामं होतं. त्यामुळे किनाऱ्यावर रिपरिप चालू असते तेव्हा घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतं. वरचा पाऊस कळायला बेळगावची मराठी वर्तमानपत्रं उपयोगी पडतात. खानापूर तालुक्याच्या पावसात कणकुंबीचा आकडा शोधा. मलप्रभा नदी उगम पावते ते हे गाव चोर्ल्याच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे घाटमाथ्याची खरी परिस्थिती तिथल्या आकड्यावरून कळते.

एक मेख आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे आज पहाटे दारात पडलेल्या पेपरातला आकडा बहुधा काल सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. काल दिवसभर आणि रात्रभर पत्र्यावर जे वाजत होतं ते त्यात नसतंच. आजचा आकडा हवा असेल तर साडेआठ उलटून गेल्यावर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बघा.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: वाळपईत लागोपाठ तीन दिवस चार-चार इंच झाले असतील तर चौथ्या दिवशी ऊन पडलं तरी घाट टाळायचा. मुरलेलं पाणी वाट शोधत बाहेर पडत असतं, आणि दरड कोसळायला पाऊस चालूच असावा लागतो असं नाही.

मग अंदाज वाचा, पण दोन जिल्ह्यांचा

हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे इशाऱ्यांचे रंग सगळ्यांना पाठ आहेत. अडचण अशी की रंग पूर्ण जिल्ह्याला दिलेला असतो. कांदोळीचा किनारा आणि सत्तरीतलं डोंगरमाथ्यावरचं सुर्ल ही दोन्ही उत्तर गोव्यातच येतात. पिवळा इशारा असला तर तो घाटात एक पायरी वर धरावा, हे शहाणपणाचं.

चोर्ल्याचा माथा ओलांडला की बेळगाव जिल्हा लागतो, म्हणून तिकडचाही इशारा बघायला हवा. इथे मोठी फसगत होते. हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात मोडतं. जिल्ह्याचा मोठा भाग कोरडा आहे, अथणीकडे तर पावसाची वाट बघावी लागते. खानापूरची पश्चिमेकडची ओली पट्टी या सरासरीत बुडून जाते. त्यामुळे बेळगावला हिरवा रंग दिसला म्हणून चोर्ल्याहून बेळगावकडे जाताना लागणाऱ्या जांबोटीपर्यंतचा रस्ता सुकलेला असेल असं समजू नका. तिलारी किंवा आंबोलीने जाणार असाल तर सिंधुदुर्गाबरोबर कोल्हापूरच्या घाट भागाचा इशाराही बघा. कोल्हापूर, सातारा, पुणे यांच्या घाटांसाठी वेगळा इशारा निघतो, ही चांगली सोय आहे.

रंगाखालचा मजकूर वाचायचा कंटाळा करू नका. ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ आणि ‘बहुतांश ठिकाणी जोरदार’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात जिल्ह्यातल्या चौथा हिस्सा केंद्रांवर किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असतो, दुसऱ्यात जवळजवळ सगळीकडे. आणि किनाऱ्यालगत द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, असल्याचा उल्लेख दिसला तर पाऊस एका सरीवर भागणार नाही, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकेल असं धरून चाला.

निघायच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र बघावं. दर थोड्या वेळाने चित्र बदलतं, ढग कुठून कुठे सरकतात ते कळतं. पण पावसाळ्यातले घाटातले ढग पुष्कळदा बुटके असतात आणि रडारची लहर त्यांच्या डोक्यावरून निघून जाऊ शकते. रडारवर गडद रंग दिसला तर विश्वास ठेवा, फिका दिसला तर अर्धाच ठेवा.

मे आणि ऑक्टोबरचं गणित निराळं. तेव्हा दुपारनंतर गडगडाट होतो, विजा पडतात, सकाळ बहुधा कोरडी जाते. त्या दिवसांत ‘दामिनी’ हे विजांची सूचना देणारं ॲप मोबाईलवर असू द्या आणि घाट दुपारच्या आत पार करा.

रस्त्याची चौकशी माणसाकडे

नकाशाचं ॲप घाटात फारसं कामाचं नाही. रस्त्यावर किती गाड्या कुठल्या वेगाने चालल्यात यावर त्याचा अंदाज चालतो. चोर्ल्यात मोबाईलची रेंज येत-जात असते आणि पावसात गाड्याही कमी. मग झाड आडवं पडलेलं असलं तरी ॲपवर रेघ निळीच्या निळी. ॲपचा दुसरा दोष म्हणजे ते खाणीचे जुने रस्ते आणि बागायतीतल्या वाटासुद्धा ‘जवळचा मार्ग’ म्हणून सुचवतं.

व्हॉट्सॲपवर ‘घाट बंद’ म्हणून फिरणारा व्हिडिओ आला तर आधी तो कधीचा ते बघा. दरडीचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. ज्याने पाठवला त्याला विचारा, ‘तू स्वतः तिथे होतास का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘दुसऱ्या ग्रुपवर आला’ असंच मिळतं.

खरी माहिती कुणाकडे असते? गोव्याची भाजी बेळगावहून येते. भाजीचे टेंपो रात्री घाट उतरतात आणि पहाटे बाजारात लागतात. म्हापसा किंवा पणजीच्या बाजारात सकाळी सहाच्या सुमारास माल उतरवणाऱ्या ड्रायव्हरइतका ताजा वार्ताहर दुसरा नाही. त्याच्या खालोखाल बेळगाव मार्गावरचे कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, आणि कर्नाटकच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. मग चोर्ल्याच्या पायथ्याशी केरीच्या चेक नाक्यावरचे पोलीस. अनमोडसाठी मोलेचा नाका.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. ‘रस्ता चालू आहे ना?’ असं विचारलं तर समोरचा ‘आसा’ (हो, आहे) म्हणणारच, कारण त्याला तुमच्याशी वाद घालायचा नसतो. त्याऐवजी असं विचारा:

– भाऊ, तुम्ही किती वाजता उतरलात?
– वाटेत कुठे थांबावं लागलं का? किती वेळ?
– माती रस्त्यावर आली होती का, की नुसतं पाणी?
– धुकं कुठून कुठपर्यंत होतं?

एकदा असं विचारल्यावर एक टेंपोवाला हातातली पाटी खाली ठेवून म्हणाला, ‘रस्ता चालू हो, पण वरच्या वळणार दरीकडची कड खचल्या. मी मधून काढली गाडी. समोरून ट्रक आला असता तर मागं घेवक लागली असती.’ ‘रस्ता चालू आहे ना?’ एवढंच विचारलं असतं तर ‘चालू’ हेच उत्तर मिळालं असतं, आणि तेही खोटं नसतं.

कुठली गाडी गेली तेही विचारा. जीप गेली याचा अर्थ तुमची लहान गाडी जाईल असा होत नाही. अवजड वाहनांना बंदी घातली असेल तर ती नुसती ट्रकवाल्यांची बातमी समजू नका, कड कमकुवत झाल्याची ती खूण असू शकते.

एक घाट बंद तर दुसऱ्याने जाऊ, हा विचारही तपासून घ्यावा. सगळे घाट एकाच पावसाच्या पट्ट्यात आहेत. २३ जुलै २०२१ ला कोकण रेल्वेच्या मार्गावर पुराचं पाणी आल्यामुळे मंगळुरू–मुंबई गाडी मडगाव–लोंढा मार्गे वळवली, आणि दूधसागर–सोनावळी दरम्यान दरड कोसळून ती घाटात रुळावरून घसरली. पर्यायी वाटेची चौकशी पहिल्या वाटेइतकीच कसून करायची.

रानवाट असेल तर

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत. आत जायला वन खात्याची परवानगी लागते आणि पावसात धबधब्यांकडच्या वाटा बंद केल्या जातात. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपही पावसाळ्यात बंद असतात, कारण तो रस्ता ओहोळांच्या पात्रातूनच जातो. बंदीच्या दिवसांत आडवाटेने शिरणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

परवानगी असलेल्या वाटेवर, किंवा गावच्या रस्त्यावर, साकव (ओढ्यावरचा लहान पूल) बुडालेला दिसला तर गाडीतून उतरा. पाण्याच्या कडेला, जिथे पाणी संपतं बरोबर तिथे, एक काटकी मातीत रोवा आणि दहा मिनिटं थांबा. काटकीभोवती पाणी आलं तर व्हाळ (ओढा) चढतोय, मागे फिरा. काटकी आणि पाणी यांच्यात ओल्या मातीची पट्टी दिसू लागली तर उतरतोय, थांबायला हरकत नाही. तुमच्या डोक्यावर पाऊस आहे की नाही याचा इथे संबंध नाही. व्हाळाला पाणी येतं ते वरच्या डोंगरातून, आणि तिथे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नसतं.

पाण्याचा रंगही बघा. स्वच्छ पाणी लाल झालं आणि त्यातून पाला, फांद्या येऊ लागल्या की वर मोठी सर झाली आहे. भरलेला व्हाळ एकाएकी बारीक झाला तर खुश होऊ नका. वर कुठेतरी माती-झाडांनी पाणी अडलेलं असू शकतं, आणि ते फुटलं की एकदम येतं. अशा वेळी पात्रापासून दूर उंचावर जायचं.

वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत जीपही वाहून जाऊ शकते. खोली पायांनी मोजायला जाऊ नका. साकवाचे कठडे किंवा कडेचे दगड दिसेनासे झाले की प्रश्न मिटला, मागे फिरायचं.

केरीला शेवटचा निर्णय

घाट चढायच्या आधी केरीला थांबा. इथून परतणं सोपं आहे, वर गेल्यावर वळायला जागा मिळेलच असं नाही. रेंज आहे तोवर घरच्या कुणाला तरी सांगा: कुठल्या घाटाने चाललो, किती वाजता निघालो, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर विचारपूस करायची. अडीअडचणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. झाड पडलं असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

वर चढताना डोंगराच्या बाजूकडे लक्ष ठेवा. ताजे सुटे खडे, कालपर्यंत कोरड्या असलेल्या जागेतून गढूळ पाणी, कललेली झाडं, गटार मातीने भरून पाणी रस्त्यावर आलेलं: यातलं काही दिसलं तर तिथे थांबून फोटो काढायचे नाहीत. दरीच्या बाजूला डांबरात लांबट भेग दिसली तर गाडी त्या कडेला नेऊ नका. धुक्यात हेडलाईट खालीच ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

संध्याकाळी परतायचं असेल तर सकाळची चौकशी शिळी झालेली असते. बेळगावहून निघण्याआधी पुन्हा तीन तासांचा अंदाज बघा आणि जांबोटीला चहाला थांबून खालून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला तेच प्रश्न विचारा. अंधार पडायच्या आत केरी गाठता येणार नसेल तर बेळगावातच मुक्काम करा.