कॅरॅव्हॅनमधली ओल: आधी कारण ओळखा, मग हात घाला

गाडीमागे ओढून नेण्याच्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घराची, भिंत इंच-सव्वा इंच जाडीची असते. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास, मध्ये थर्माकोल आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आत 3 मिलिमीटरचं प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेला विनाइलचा थर. नव्या गाड्यांमध्ये लाकडाऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या येऊ लागल्या आहेत, पण रस्त्यावर अजून लाकडी सांगाड्याच्या भरपूर गाड्या आहेत. या भिंतीत पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला वाटच नसते. विनाइल कोरडं ठणठणीत दिसतं आणि मागचं लाकूड कुजत राहतं. डाग दिसेपर्यंत थांबलात तर दुरुस्ती सांधे बुजवणाऱ्या सीलंटच्या नळीवर भागत नाही, भिंत उघडावी लागते.

माझं पहिलं सांगणं: ओल दोन प्रकारची असते आणि दोघींचे उपाय वेगळे. एक गळतीची, म्हणजे बाहेरचं पाणी सांध्यातून आत मुरलेलं. दुसरी घामाची, म्हणजे आतल्याच हवेतली वाफ गार काचेवर आणि भिंतीवर जमलेली. गळती असताना खिडक्या कितीही उघडा, काही होणार नाही. आणि घामाच्या ओलीवर सीलंट थापून काहीच साधत नाही.

तपासणी नाकापासून सुरू करा. गाडी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि दार उघडल्या उघडल्या आत डोकं घालून वास घ्या. पाच मिनिटांनी नाक सरावतं, मग कळत नाही. कुबट वास आला तर बाकांखालचे कप्पे आणि कपाटं एकेक उघडून वास कुठे दाटतो ते बघा. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. समोरून सपाट वाटणाऱ्या विनाइलवरचे फुगवटे आणि सुरकुत्या अशा उजेडात लगेच उठून दिसतात. तिसरी पायरी अंगठ्याची. चारही कोपरे, पुढच्या-मागच्या खिडक्यांखालची पट्टी, छतावरच्या झरोक्याची चौकट, दाराचा उंबरठा, बाहेरच्या पकडमुठींच्या आणि दिव्यांच्या मागची जागा दाबून बघा. अंगठा आत गेला किंवा प्लाय भुसभुशीत लागलं, तर पाणी तिथे बरंच आधी पोचलंय.

जमीन पायाखाली दबते, करकरते, तेव्हा मात्र लगेच ओल म्हणू नका. जमिनीच्या थरांमधला गोंद सुटला तरी असंच होतं. ओल मोजायच्या मीटरवर आकडा कोरडा आला तर तो रोग वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा.

मीटर दोन सुयांचा घ्या. सुयांमधून सूक्ष्म वीज जाते आणि लाकडात पाणी जितकं जास्त तितका विरोध कमी, यावरून तो टक्केवारी दाखवतो. 15 टक्क्यांपर्यंत काळजी नाही. 15 ते 20 मध्ये लक्ष ठेवायचं. 20 च्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं, आणि 30 च्या आसपास लाकडाचे तंतू पाण्याने पूर्ण भिजलेले असतात. पण एकट्या आकड्यावर माझा भरवसा नाही. मी वहीत चारही भिंतींची आणि छताची आकृती काढते आणि जागोजागचे आकडे तिथल्या तिथे लिहिते. सगळीकडे 16-17 आणि एकाच कोपऱ्यात 26, तर ती गळती. सगळीकडेच थोडा थोडा चढलेला, तर आतली हवा दमट आहे. दर वर्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत मोजलं की कुठला कोपरा हळूहळू वर चाललाय ते डोळ्यांसमोर येतं. सुया कपाटाच्या आत, पट्टीच्या कडेला, अशा आडोशाच्या जागी टोचा. मागे पत्रा किंवा फॉइल असेल तर आकडा फसवा मोठा येतो, आणि कडाक्याच्या थंडीत मोजलं तर खोटा कमी.

गळती सापडली तरी पाणी नेमकं तिथूनच शिरलं असं समजू नका. छताच्या कडेने आत आलेला थेंब सांगाड्यावरून वाहत खालच्या कोपऱ्यात साठतो. म्हणून ओल्या जागेपासून वर वर शोधत जा.

बहुतेक वेळा शोध छत आणि भिंतीच्या सांध्यावरच्या ॲल्युमिनियमच्या रेलपाशी संपतो. रेलच्या खाचेत प्लास्टिकची एक लांब पट्टी बसवलेली असते. तिचं टोक हळूच उचकटून ओढा. खाली ओळीने स्क्रू दिसतील, आणि सगळं कळतं ते या स्क्रूंवरून. चकचकीत आणि घट्ट असतील तर सांधा शाबूत. तांबूस गंज, भोवती पांढरी पूड, किंवा पिळला तरी नुसताच फिरणारा स्क्रू म्हणजे त्याच्या मळसूत्रावरून पाणी थेट लाकडात उतरतंय. रेलखालचं मस्टिक, म्हणजे सांधा बुजवायला भरलेला चिकट लगदा, मुळात मऊ असतं, पण वर्षानुवर्षं उन्हात तापून ते सुकतं, भेगाळतं.

वरून नवा थर ओढणं म्हणजे वेळ मारून नेणं. रेल काढायची, जुनं मस्टिक लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातीने खरवडायचं, टर्पेंटाइनने पुसायचं, लाकूड पूर्ण सुकू द्यायचं, कुजलं असेल तर बदलायचं, आणि मग कधीच कडक न होणारी ब्यूटिलची चिकट रबरी पट्टी घालून रेल परत कसायची. दोन-चार दिवसांत बाहेर डोकावलेलं ब्यूटिल कापून टाका. साधं सिलिकॉन इथे नको. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, आणि आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून निघणारं आम्ल ॲल्युमिनियम खातं. धुताना प्रेशरचा फवाराही सांध्यांवर मारू नका.

आता घामाची ओल. 20 अंशांची हवा घनमीटरला साधारण 17 ग्रॅम वाफ धरू शकते, 10 अंशांची जेमतेम साडेनऊ. रात्री काच गार पडली की जादा वाफेचं पाणी होतं. त्यात उघड्या शेगडीची भर: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी हवेत येतं. स्वयंपाक करताना झाकण ठेवा, झरोका उघडा, ओले कपडे आत वाळत घालू नका. जमिनीतल्या आणि छतातल्या कायमच्या जाळ्या थंडी वाजली तरी बुजवू नका. त्या वाफेसाठी तर आहेतच, पण गळालेला गॅस आणि विषारी धूर बाहेर जाण्यासाठीही आहेत.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पाणी छतावर साचणार नाही इतका पुढून किंवा मागून उतार द्या. गाद्या भिंतीपासून सोडवून मध्ये उभ्या करा, कपाटं आणि फ्रिजचं दार उघडं ठेवा. वर ताडपत्री टाकू नका, आत वाफ कोंडते. श्वास घेणारं आवरण घ्या. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या छोट्या कप्प्यात उपयोगी पडतात, पण जाळ्यांतून बाहेरची हवा येतच असल्याने अख्खी गाडी त्या कोरडी करू शकत नाहीत. त्यातलं पाणी सांडू देऊ नका, धातू गंजतो.

जुनी गाडी घेताय? मीटर सोबत न्या आणि मालकाच्या परवानगीने स्वतः मोजा. एकाच कोपऱ्यात नवं विनाइल, सांध्यावर ताज्या सिलिकॉनचा ओघळ, किंवा आत भरून राहिलेला सुगंधी फवारा दिसला की आधी तिथेच सुया टोचायच्या.