लाइट गेली तरी वायफाय टिकवायचं तर

संगमेश्वरात एका अभ्यासिकेचं नेटवर्क मी बघतो. पावसाळ्यात इथे लाइट जाते-येते, आणि नेमकी कुणाची तरी ऑनलाइन टेस्ट चालू असताना जाते.

पहिल्या वर्षी राउटर यूपीएसवर टाकला आणि निर्धास्त झालो. लाइट गेली, राउटर चालू, पण नेट कुणालाच नाही. अर्धा तास राउटरच बंद-चालू करत बसलो. मग टॉर्च घेऊन स्टुलावर चढलो, तर फॉल्स सीलिंगमधला पीओई स्विच, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीजही देणारा डबा, साध्या प्लगवर! त्याच्यावरचे, वायफाय पसरवणारे दोन्ही ॲक्सेस पॉइंट मेलेले. म्हणून आधी फायबरपासून मोबाइलपर्यंत मधे कुठकुठले डबे आहेत ते कागदावर काढा. ओएनटी (फायबर ज्यात येऊन जोडलेली असते तो डबा), राउटर, स्विच, एकूण एक बॅकअपवर हवा. लेझर प्रिंटर मात्र चुकूनही तिथे लावू नका. तो तापताना एवढा भार ओढतो की छोटा यूपीएस बसलाच समजा.

दुकानदार ६०० व्हीए म्हणतो तो आकडा एका वेळी किती भार झेपेल याचा, किती वेळ चालेल याचा नाही. वेळ ठरते आतल्या बॅटरीवर. आमच्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची आहे, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर आमचा भार ३८ वॉट भरला. हिशेबाने दोन तासांच्या वर चालायला हवं, मिळाली ५५ मिनिटं. १२ चे २३० व्होल्ट करण्यात बरंच वाया जातं, शिवाय बॅटरी भराभर उपसली की कमीच देते. घरी नुसता ओएनटी आणि राउटर असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, त्यात ही उलटापालटच नसते. फक्त दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) जुळवून बघा.

आता लक्ष ठेवणं. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडा आणि त्यावर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, टाका. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना त्यातला क्यूएक्स ड्रायव्हर चालतो. स्थिती विचारायच्या कमांडचं नाव आहे यूपीएससी! एमपीएससीवाल्या पोरांनी ते स्क्रीनवर बघितलं आणि आठवडाभर माझी टर उडवली. उत्तरात ओएल आलं की लाइट आहे, ओबी म्हणजे बॅटरीवर, सोबत एलबी दिसलं की संपत आली. एलबी येताच रास्पबेरी पाय नीट बंद होईल अशी सोय करा, नाहीतर एखाद्या दिवशी मेमरी कार्ड बिघडतं. बॅटरीच्या टक्क्यांवर मी विश्वास ठेवत नाही. स्वस्त यूपीएसमध्ये ते व्होल्टेजवरून काढलेले अंदाजच असतात.

यूएसबी नसेल तर एक जुना राउटर साध्या प्लगवर लावून स्विचला जोडा, त्याचं डीएचसीपी (ॲड्रेस वाटायचं काम) बंद करा आणि रास्पबेरी पायवरून दर मिनिटाला त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ विचारा. तो गप्प आणि स्विच बोलतोय, म्हणजे लाइट गेली.

खरी परीक्षा घड्याळाची. तीन महिन्यांतून एकदा, रविवारी दुपारी, मी भिंतीवरचं बटण बंद करतो आणि यूपीएस मान टाकेपर्यंतची मिनिटं त्याच्यावरच्या स्टिकरवर लिहितो. ५५, ५१, ४४ आणि मग एकदम १९. हिरवा दिवा तेव्हाही मजेत हिरवाच होता! निम्म्यावर आली की बॅटरी बदला. पत्र्याखालच्या उकाड्यात दोन-तीन वर्षं टिकली तरी पुष्कळ. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा. जुनी दुकानदार परत घेतो. चाचणीनंतर रात्रभर चार्ज होऊ द्या, रिकामी ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी लवकर खराब होते.

एवढं करूनही नेट गेलं तर ओएनटीवरचा एलओएस दिवा बघा. तो लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. बहुधा केबल तुटलीय किंवा पुढच्या पेटीत बॅकअप नाही. तिथे आपला यूपीएस काही करू शकत नाही. आम्ही तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो, आणि टेस्टवाल्यांना आधी जोडून देतो.