घरातली वाक्यं टिपायची वही

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी धायरीच्या आमच्या घरी पाहुणे आले, तेव्हा मुलगा माठाशेजारीच उभा होता. मुलगी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. मी हाक मारली ती तिला: "अगं, बाहेर पाणी आण." ती उठून आली, तो जरा बाजूला सरकला, तिने तांब्या भरला. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही, तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी घरातली अशी वाक्यं टिपायला वही सुरू केली. तुम्हीही करा.

किराण्याच्या हिशेबाची छोटी वही पुरे. ओट्याजवळ खिळ्याला टांगा, पेन दोऱ्याने बांधा. आठ दिवस फक्त टिपायचं, कोण कुणाला काय म्हणालं, अगदी त्याच शब्दांत. "मुलीला जास्त कामं सांगतात" असं लिहू नका, तो तुमचा निष्कर्ष झाला. "तुझं ताट उचल, दादाचंही घे" असं लिहा. आणि या आठ दिवसांत कुणाला टोकू नका, नाहीतर सगळे जपून बोलायला लागतात. स्वतःची वाक्यं आधी लिहा. माझी पहिली तीन पानं माझ्याच बोलण्याने भरली.

सणाचा आठवडा मिळाला तर उत्तम. माझ्या वहीतलं सर्वांत जड वाक्य गौरींचंच आहे: "आत्याला सवाष्ण म्हणून सांगता येत नाही, पण पुरण वाटायला येईल ती." आत्याचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. पुरण तिच्या हातचं चालतं, पंगतीतलं पान चालत नाही. बाईचं बाईपण नवऱ्याच्या असण्यावर मोजायचं, हे माझी मुलगी त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून शिकली. कुणी शिकवायला बसलं नव्हतं.

नवव्या दिवशी प्रत्येक वाक्य उलटं करून मोठ्याने वाचा. मुलाच्या जागी मुलगी, सुनेच्या जागी जावई. "मुलीसारखा रडतोस काय" उलटवलं तर "मुलासारखी रडतेस काय" होतं, आणि असं कुणी म्हणतच नाही. जिथे हसू येईल त्या वाक्याला गोल करा.

मग 'मदत' हा शब्द शोधा. आमच्याकडे तो अकरा वेळा सापडला. ह्यांनी भाजी चिरली की मदत, मी चिरली की त्याला नावच नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बायका घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं आलं. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस.

मुलांना वहीत घ्यायचं तर उपदेश टाळा, चित्र दाखवा. आपल्या पुण्यातल्या बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून पालेभाजी निवडतात असं चित्र छापलं. ते पान उघडून फक्त विचारा, "आपल्याकडे कोण निवडतं?"

सासूबाईंना वही वाचून दाखवू नका, त्यांना तो आरोप वाटेल. त्यांच्या लहानपणाचं विचारा. मी एवढंच म्हटलं, "तुमच्याकडे दूध कुणाला मिळायचं?" त्या लसूण सोलत होत्या. "भावांना दूध, आम्हाला ताक," म्हणाल्या. जरा वेळाने पाकळी हातातच धरून म्हणाल्या, "आईसुद्धा ताकच घ्यायची." ते वाक्य त्यांच्या परवानगीने वहीत लिहिलं.

बदलताना एका वेळी एकच वाक्य धरा. आम्ही 'मदत' सोडला, 'कामाची पाळी लावली' म्हणतो. त्याला दोन महिने लागले. यंदा गौरींना आत्याचं पान पहिल्या पंगतीत मांडायचं ठरलंय, सासूबाईंनीच सांगितलं. पाहुण्यांच्या पाण्याला मात्र अजूनही माझ्या तोंडून आधी मुलीचंच नाव येतं. त्या वाक्याभोवतीचा गोल तसाच आहे.