घोट्याला हत्यार बांधताय? आधी या चुका टाळा

रानडुकरांसाठी घेतलेली शेतातली बंदूक वेगळी. इथे बोलायचे आहे ते स्वसंरक्षणासाठी लायसन मिळालेल्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाबद्दल. सराफ, पेट्रोलपंपाची कॅश बँकेत नेणारा, जमिनीच्या व्यवहारातला माणूस, असे बरेच जण दिवसभर खुर्चीत नाहीतर गाडीत बसून असतात. बसले की कमरेचे हत्यार पोटात टोचते, शर्टातून उठून दिसते. मग घोट्याचा विचार डोक्यात येतो. बांधता येते, पण गोव्यातले हवामान, आपले कपडे आणि आपल्या दुचाक्या तिन्ही या पद्धतीच्या विरोधात आहेत, हे खरेदीआधी लक्षात घ्या.

आरशासमोर उभे राहून निवड करणे

सगळ्यात मोठी चूक हीच. उभे असताना घोट्यावरचे काहीच दिसत नाही आणि माणूस खूश होतो. खरी परीक्षा बसल्यावर. खुर्चीत बसले की पँट चार बोटे वर सरकते. स्कूटरवर तर त्याहून जास्त, कारण गुडघे वाकलेले, पाय फूटबोर्डवर आणि समोरून वारा. फोंड्याहून पणजीला निघालात तर प्रत्येक सिग्नलवर शेजारचा दुचाकीवाला तुमचे होल्स्टर, म्हणजे हत्याराचे म्यान, बघणार.

हा निव्वळ लाजेचा प्रश्न नाही. आर्म्स रूल्स 2016 मधला नियम 32 सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत हवी, ती पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. अर्धवट उघडा पडलेला दस्ता म्हणजे झाकण्याची अट मोडली. पँट वर ओढताना हात अडकला तर ताब्याचीही गेली. घोट्याबाबतचा प्रत्येक निर्णय या दोन अटींवर घासून बघा.

म्हणून होल्स्टरच्याही आधी शिंप्याकडे जा. बॉटम 17-18 इंच ठेवायला सांगा आणि लांबी नेहमीपेक्षा थोडी जास्त. स्किनी जीन्स, थ्री-फोर्थ, बर्म्युडा यांच्यावर घोट्याचा विषयच संपतो, आणि गोव्यात अर्धे आयुष्य याच कपड्यांत जाते. तुमचेही तसेच असेल तर पुढचे वाचून पैसे खर्च करू नका. कमरेच्या आत बसणारे होल्स्टर घ्या आणि शर्ट बाहेर सोडा.

अमेरिकन व्हिडिओ बघून हत्यार ठरवणे

व्हिडिओत दिसणारी छोटी, चपटी 9 एमएम पिस्तुले आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापात, येतात. सामान्य लायसनवर मिळते ते मुख्यतः .32 (नळीचे इंचातले माप). त्यातही घोट्यासाठी बघायचे ते वजन. कानपूरचे .32 रिव्हॉल्व्हर दणकट आहे, पण पाऊण किलोच्या आसपासचा लोखंडी ऐवज पायाला बांधून चाललात की चाल बदलते, एक पाय किंचित ओढला जातो आणि हत्यार दिसत नसले तरी चालीवरून कळते. 2014 मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचे, साधारण अर्ध्या किलोचे. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, त्यामुळे पुरुष गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतही नाही. घोट्यासाठी मात्र तेच जास्त शहाणपणाचे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? पिस्तूल चपटे असल्याने पँटखाली चांगले लपते, पण घोटा ही शरीरातली सगळ्यात धुळकट जागा. लाल मातीची पूड, मोज्याचे तंतू, किनाऱ्याजवळ राहत असाल तर वाळू, सगळे स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, फटीत जाऊन बसते. रिव्हॉल्व्हर असा कचरा थोडा जास्त सोसते, पण सिलिंडरचा फुगवटा दिसतो आणि उघडा घोडा (हॅमर) पँटच्या शिवणीत अडकतो. माझा कौल हलक्या रिव्हॉल्व्हरला. आजोबांकडून वारशाने आलेले जुने रिव्हॉल्व्हर असेल तर आधी गनस्मिथला दाखवा. जुन्या बनावटीत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असू शकतो, आणि पायरीवर आपटला तर गोळी सुटू शकते. अशा हत्याराच्या घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामेच हवे. आणखी एक: रिव्हॉल्व्हरचे .32 आणि पिस्तुलाचे .32 ही वेगळी काडतुसे आहेत. नुसते ‘बत्तीसची द्या’ म्हणून घेऊ नका.

‘सगळ्यांना बसणारे’ होल्स्टर

ऑनलाइन मिळणारे युनिव्हर्सल होल्स्टर म्हणजे इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर शिवलेला खिसा. त्याला आकार नसतो, चाप झाकलेला राहील याची खात्री नसते आणि धावताना हत्यार वर येते. चाप पूर्ण झाकलेला, अंगठ्याने उघडणारी पट्टी आणि गुडघ्याखाली, पोटरीच्या वर बांधायचा दुसरा पट्टा, या तीन गोष्टी नसतील तर परत पाठवा. परदेशी ब्रँडची होल्स्टरे परदेशी मापांची असतात. आपले कानपुरी रिव्हॉल्व्हर त्यात एकतर खडखडते नाहीतर बसतच नाही. म्हापसा-मडगावात चामड्याचे काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून जाड चामड्याचे करून घेता येते. पण हत्यार त्यांच्याकडे ठेवून येऊ नका, तो गुन्हा ठरेल. घरी हत्याराची रूपरेषा पुठ्ठ्यावर काढून जाडीसकट लाकडी नमुना करून घ्या आणि तोच द्या.

बाजूही चुकते. उजव्या हाताने वापरणाऱ्याने डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, दस्ता मागे करून बांधायचे. बाहेरच्या बाजूला बांधले तर दाराला, टेबलाच्या पायाला ठोकर लागते. मात्र गिअरची मोटारसायकल असेल तर हीच आतली बाजू इंजिनाला आणि गिअरच्या पेडलला भिडते. बुलेटवाल्यांनी घोट्याचा नाद सोडावा, हे माझे स्पष्ट मत.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष

जून ते सप्टेंबर घोटा कोरडा राहणे अशक्य. चिखलाचे शिंतोडे, ओला मोजा, घाम. चामड्यावर आठवड्यात पांढरी बुरशी येते, आणि ओल्या चामड्यात रात्रभर राहिलेल्या पोलादावर सकाळी तांबूस ठिपके दिसू लागतात, आधी नळीच्या तोंडाशी आणि स्क्रूच्या खाचांत. पावसाळ्यापुरते कायडेक्सचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, होल्स्टर बरे. पुसले की झाले. कुठलेही असो, हत्यार आत ठेवून कपाटात टाकू नका. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, काडतुसे वेगळी काढा. तेल जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर धूळ चिकटते. होल्स्टरखाली उंच सुती मोजा घाला, नाहीतर घामाने कातडी सोलवटून निघेल.

दारात काढून ठेवणे

आपल्याकडे बूट-चपला उंबऱ्याबाहेर काढतात. पाय मोकळा करता करता होल्स्टरही तिथेच सोडले जाते, चपलांच्या रॅकवर, पोरांच्या हाताच्या उंचीवर. पट्टे सोडायचे ते तिजोरीजवळ जाऊनच. आणि देवळात जाणार असाल तर हत्यार घरीच ठेवा. मंगेशीला पाय धुवायला पँट दुमडणार आणि शेजारी रांगेत उभ्या माणसांना काय दिसणार? पिणे होणार असेल त्या संध्याकाळीही तेच.

सराव घरी, रिकाम्या हत्याराने, दोनदा तपासून: डाव्या हाताने पँट गुडघ्यापर्यंत ओढायची, एक गुडघा टेकायचा, मग उजवा हात. उभ्याने वाकून काढायला गेलात तर तोल जातो. कमरेपेक्षा वेळ जास्त लागतोच, कितीही सराव केला तरी. गाडीच्या सीटवर मात्र हाच घोटा कमरेपेक्षा हाताला जवळ पडतो, आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने तिथेच उपयोगी आहे.

गाडी म्हटले की सावंतवाडी, बेळगाव आलेच. लायसनवर क्षेत्र फक्त गोवा असे लिहिलेले असेल तर पत्रादेवीच्या पुढे किंवा मोल्याच्या घाटापलीकडे ते चालत नाही. घोट्याला बांधलेले विसरायला होते, म्हणून निघताना हात लावून बघा. कामानिमित्त वरचेवर जाणे असेल तर क्षेत्र वाढवून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करा.